झटापटीचा क्लास

३ जून
आजपासून क्लास सुरू. पूर्ण नाव 'नागरिकांसाठी जवळच्या झटापटीचं वर्तन-प्रशिक्षण'. नावातच दम आहे.
कारण लिहून ठेवतो. गेल्या आठवड्यात आमच्या औषधांच्या दुकानात राखाडी जाकीटवाला आला. डॉक्टरची चिठ्ठी नाही आणि झोपेच्या गोळ्या पाहिजेत. मी नाही म्हटलं. त्याने काउंटरवरून माझी कॉलर धरली. मी गोळ्या दिल्या. घाबरून नव्हे, मागे गिऱ्हाइकं खोळंबली होती. बायको शेजारीच उभी होती. त्यावर ती अजून एक अक्षर बोललेली नाही, आणि तेच डोक्यात जातं.
निश्चय: पुन्हा आला की तिच्यादेखत लोळवायचा.

६ जून
सर माजी सैनिक, पण आवाज बालवाडीच्या बाईंचा. पूर्ण तास नुसतं उभं राहायला शिकवलं. तळहात उघडे, समोरच्याला दिसतील असे. एक पाय मागे. आवाज खाली. त्याला जायला वाट मोकळी ठेवा. मी विचारलं, मारायचं कधी? सर म्हणाले, जमलं तर कधीच नाही.
घरी बायकोला सगळं करून दाखवलं, हा किती टाइमपास आहे ते तिलाही कळावं म्हणून. ती गोळ्यांची पाकिटं लावत होती. हातातलं ठेवून म्हणाली, पुन्हा एकदा दाखवा. कौतुक आहे बिचारीला.

११ जून
आज पकड. पार्टनर बेकरीवाला. नियम असा: सहन होईना की हाताला लागेल त्यावर दोनदा थोपटायचं, समोरचा लगेच सोडतो. बेकरीवाल्याने माझ्या गळ्याकडे हात नेला, मी थोपटलं. माझी रिअ‍ॅक्शन क्लासमध्ये सगळ्यांत फास्ट. सर म्हणाले, अहो, त्याने अजून धरलंच नाहीये. मत्सर.

१५ जून
राखाडी जाकीट समोरच्या बसथांब्यावर. बस आल्या, गेल्या, हा तिथेच. नजर आमच्या दुकानावर.
बायको म्हणाली, थोडे दिवस संध्याकाळी लवकर शटर ओढू. साफ नकार दिला. ट्रेनिंग घेतलेला माणूस असताना? ती म्हणाली, संध्याकाळी काउंटरला मी असते. मी म्हटलं, मागच्या खोलीत मी असतोच की, हाक मार, दोन ढांगांत बाहेर येतो. तिने माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. विश्वास म्हणतात तो हाच.

१९ जून
क्लासला दांडी. विषय 'भीतीने शरीर थिजतं तेव्हा'. आपल्याला लागू नाही. घरी आरशासमोर जरब बसेल अशा नजरेची प्रॅक्टिस केली. मान धरली. शेक घेतला.

२२ जून, संध्याकाळ
तो आला होता.
मी मागच्या खोलीत सिरपची खोकी फोडत होतो. मध्ये फक्त पडदा, पाठीमागे गल्लीत उघडणारं दार. त्याचा चढलेला आवाज ऐकला आणि फटीतून पाहिलं. त्याच्या हातात कटर. बायकोने हाक मारली नाही. तळहात उघडे, समोर. एक पाय मागे. आवाज इतका खाली की मलाही शब्द कळेनात. हे तिला मी शिकवलं आहे, याची नोंद असावी.
मी सिच्युएशनचा अंदाज घेत होतो. बाहेर जायचं पक्कं ठरलं होतं, पण पाय जागचे हलेनात. श्वास अडकला, आणि माझ्या हाताने आपसूक लोखंडी कपाटावर दोनदा थोपटलं.
त्याची मान पडद्याकडे वळली.
"आत कोण आहे?" त्याने विचारलं.
"कुणी नाही," बायको म्हणाली.
मग तिने गोळ्यांचं पाकीट पुढे सरकवलं आणि स्वतः दुकानाच्या दाराच्या वाटेतून बाजूला झाली. तो पाकीट उचलून गेला. शटर तिने ओढलं, पोलिसांना फोन तिनेच केला. मी बाहेर आलो तेव्हा ती जमिनीवर बसली होती आणि तिला ग्लास धरवत नव्हता.

२३ जून
दुकान बंद. झोप नाही. पण एक गोष्ट लख्ख कळली: तो आत येऊ नये म्हणून ती 'कुणी नाही' म्हणाली. स्वतःच्या जिवावर उदार होऊन नवऱ्याला वाचवलं. डोळे भरून आले. सकाळी चहा घेताना तिला तसं सांगितलं, आभारसुद्धा मानले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.
तिने कप खाली ठेवला. चिडली नव्हती. चिडली असती तर बरं झालं असतं.
"अहो, मला खरंच वाटलं आत कुणी नाही, एखादं खोकं पडलं असेल," ती म्हणाली. "म्हटलं, तुम्ही मागच्या दाराने गेला असाल."
मी म्हटलं, काहीतरीच काय, मी तिथून इंचभर हललो नाही.
ते दार मी काल ओढून पाहिलं होतं. बाहेरून कुलूप होतं. हे तिला सांगितलं नाही.