चेण्याच्या विहिरीवरचं झाड

सर, आज तुमची फार आठवण आली आणि लाजही वाटली.

भाईंदर पश्चिमेला पिठाच्या गिरणीवरची आपली ती खोली, कीबोर्डवर रोज साचणारं पीठ आणि तुम्ही साप्ताहिकाचे संपादक. मी तेव्हा हेरकथा अधाशासारखी वाचायचे. त्यातला हेरखात्याचा साहेब मला हुबेहूब तुम्ही वाटायचा. बोलणं मोजकं, फोनवर तीन शब्दांत काम सांगणार, समोरच्याला रडायलाही फुरसत देणार नाही. एकदा तुम्हाला तसं सांगितलंही. तुम्ही प्रूफावरून मान वर न करता विचारलंत, "तुझा तो साहेब पकडल्या गेलेल्या माणसाला ओळख देतो का गं?"

"नाही सर. म्हणतो, हा आमचा नाहीच."

"मग मला त्याच्या शेजारी बसवू नकोस."

चेणे गावची विहीर आटल्याची बातमी मी आणली, तेव्हा तुम्ही नेहमीसारखं विचारलंत, "जाऊन आलीस?" मी हो म्हणाले. "विहिरीवर झाड कसलं आहे?" मी बेधडक ठोकून दिलं, "पिंपळ." खरं तर त्या दुपारी मी मोर्व्याला घरी लोळत हेरकथा संपवत होते. विहिरीचं मला कुणीतरी फोनवर सांगितलं होतं.

अंक निघाला आणि दोन दिवसांत चेण्याचे पाच-सहा जण तावातावानं जिना चढून आले. "इहीर भरलेली हाय आमची! कोन आलता बघायला?" तुम्ही खुर्चीतून उठलात. "बातमी मी छापलीये. चूक माझी. चला, मी येतो." संध्याकाळी परत आलात, दिलगिरीच्या चार ओळी स्वतःच्या नावानं लिहिल्यात आणि मला एवढंच म्हणालात, "उद्याच्या सभेची बातमी तू कर. स्वतः जा." झाडाचा विषय तुम्ही कधीच काढला नाहीत.

तुम्ही गेल्यानंतर कितीतरी वर्षांनी मी ती विहीर पाहिली. भोवती सगळं उघडं. पाणी भरणाऱ्या आजींना विचारलं, इथला पिंपळ कधी तोडला? त्या हसल्या. "पिंपल? हितं कवाच झाड न्हवतं." म्हणजे तुम्हाला त्याच दिवशी कळलं होतं, सर. मी कठडा धरून रडले.

आता मी संपादक आहे. आमच्या नव्या वार्ताहर मुलीनं एका शाळेबद्दल चुकीचं लिहिलं. तिनं खोटं नाही लिहिलं, घाई केली. बातमी मीच वाचून छपाईला सोडली होती. आज दुपारी मुख्याध्यापिकांचा फोन आला, तेव्हा माझ्या तोंडून गेलं, "ती आमची नाही हो, बाहेरून बातम्या पाठवते." ती समोरच बसली होती. तिनं पर्स उचलली आणि निघून गेली.

तेव्हापासून मी बसलेय. मुख्याध्यापिकांना परत फोन केला, चूक माझी म्हणून सांगितलं. दिलगिरीही माझ्या नावानं लिहून छपाईला दिली. तुम्ही असतात तर पहिलं हेच विचारलं असतंत, "आणि त्या पोरीशी बोललीस?"

नाही सर. तिला फोन करायचा धीर होत नाही, म्हणून तुम्हाला लिहीत बसलेय.