रिकामा ओंडका

३ नोव्हेंबर, सोमवार

पोहोचले एकदाची. रानातलं शिबिर म्हणजे तंबू आणि डास असं डोक्यात धरून आले होते, पण खोली चक्क पक्की निघाली. दोन लोखंडी खाटा, भिंतीत एक फळी, दाराला आतून कडी, आणि खिडकीतून झाडंच झाडं. दुसऱ्या खाटेवर मी आल्या आल्या माझ्या लेकीची, चिमणीची, निळी चादर अंथरून टाकली. ती यायला अजून अवकाश आहे, पण खाट मोकळी बघवेना.

काम असं: शाळांची मुलं इथे दोन-दोन दिवस राहायला येतात, त्यांच्यासाठी रोज अंधार पडल्यावर शेकोटी करायची आणि मुलांवर लक्ष ठेवायचं. बेकरी बंद पडल्यापासून सात महिने मी कामासाठी चपला झिजवतेय आणि सात महिने चिमणी ताईकडे आहे. नवरा वारल्यावर आम्ही दोघीच उरलो होतो, त्यातही अशी ताटातूट झाली. इथे कायम झाले की लेकीला जवळ आणता येईल. शाळेची गाडी फाटकापर्यंत येते, मी चौकशी करून ठेवली.

अट एकच. व्यवस्थापकांनी गळ्यातल्या शिट्टीशी चाळा करत ती सांगितली. तेरा तारखेला परीक्षा. अंधारात, तीन काड्यांत, रॉकेल आणि कागद न वापरता शेकोटी पेटवायची, तासभर सांभाळायची आणि स्वतःच्या हातानं विझवायची. पंधराला पहिली तुकडी येणार, ती नेमकी चिमणीच्याच शाळेची. मी मनातल्या मनात हसले. बारा वर्षं भट्टीपुढे काढलेल्या बाईला हे आग शिकवणार.

४ नोव्हेंबर, मंगळवार

हसं माझंच झालं. बेकरीची भट्टी बटणावर पेटायची, हे मी विसरलेच होते. साडेसहाला काळोख झाला तशी पटांगणात गेले, दगडांच्या रिंगणात लाकडं रचली, अकरा काड्या ओढल्या. हाती आला तो धूर. डोळे चोळत परतले तर स्वयंपाकाच्या मावशी दारात उभ्या होत्या. त्यांचं म्हणणं, रानातले झाडून सगळे डास आज त्यांच्या स्वयंपाकघरात आश्रयाला आले. बाई फटकळ आहे, पण चहा स्वतःहून करून दिला.

६ नोव्हेंबर, गुरुवार

मावशींनी भांडी आवरून धडा दिला. काटकी मोडून बघायची. कट्कन मोडली तर घ्यायची, नुसती वाकली तर ठेवून द्यायची. तीन ढीग करायचे: करंगळीएवढ्या, अंगठ्याएवढ्या, मनगटाएवढ्या. रचताना मध्ये हवेला वाट ठेवायची. सहाव्या काडीला माझी शेकोटी पेटली, तेव्हा त्यांनी नुसती मान हलवली. एवढ्या कौतुकावर मी खूश.

एक नियमही त्यांनीच सांगितला. बसायचे ओंडके माणसं असतील तितकेच मांडायचे, बाकीचे शेडमध्ये. पेटल्या शेकोटीपुढे रिकामा ओंडका ठेवायचा नाही. कारण विचारलं तर म्हणाल्या, आधी करायचं, मग विचारायचं. व्यवस्थापकांना विचारलं तर म्हणाले, अंधारात मुलं अडखळतात.

त्या निजायला गेल्यावर मी आणखी दोनदा पेटवून बघितली. पाय सुजून डबलरोटीसारखे झालेत. कंबरेचा तर काटा ढिला झाला. शेवटी शेडमधून दुसरा ओंडका लोळवत आणला आणि त्यावर पाय ठेवून बसले. पाय ठेवले म्हणजे तो रिकामा कुठे राहिला? फुंकर घालायला उठावं लागतं, तेवढीच काय ती मिनिटं. इतकं बारीक कोण बघतंय.

८ नोव्हेंबर, शनिवार

काल चौथ्या काडीला पेटली. शेकत बसले आणि डोळा कधी लागला कळलं नाही. भुकेला कोंडा आणि निजेला धोंडा म्हणतात ते खोटं नाही. जाग आली तेव्हा अंग गारठलेलं आणि शेकोटी विझलेली. आपोआप नाही विझली. पाणी मारलेलं होतं, राख ढवळून पुन्हा पाणी मारलेलं होतं, अगदी शिकवल्याबरहुकूम. बादली धुऊन उपडी घातलेली. बाजूला उद्याच्या काटक्यांचे तीन ढीग, करंगळी, अंगठा, मनगट.

मला रडूच आलं. या सात महिन्यांत माझ्या वाटणीचं काम कुणी म्हणून कुणी उचललं नव्हतं. मावशीच असणार. तिथूनच अंधारात मोठ्यानं म्हटलं, तुमचं भलं होवो, रोज असंच करत जा.

९ नोव्हेंबर, रविवार

मावशी परवा आठालाच झोपल्या होत्या म्हणे. व्यवस्थापक सहाच्या ठोक्याला स्कूटर काढतात. तिसरं माणूस इथे नाही.

मावशींनी हातातलं पातेलं खाली ठेवलं आणि ओंडके किती मांडले होते ते विचारलं. मी एक म्हणाले. खोटं बोलले. नियम मोडला म्हणून हाकलतील, या धास्तीनं जीभ वळली. संध्याकाळी मात्र गुपचूप दुसरा ओंडका शेडमध्ये टाकला आणि कडी घातली.

सरपण पुन्हा तयार होतं. आयत्या पिठावर रेघोट्या ओढायची मला सवय नाही, पण पाठ इतकी ठणकत होती की मुकाट्यानं तेच वापरलं. पहिल्या काडीला पेटली. उजेड पडला तसा जाळापलीकडे दुसरा ओंडका दिसला.

उठून पळायला हवं होतं. पण घाबरायलाही अंगात जोर लागतो. मी बसून राहिले.

११ नोव्हेंबर, मंगळवार

समोरच्या ओंडक्याखालची माती दबली आहे आणि पुढे दोन टाचांचे खळगे पडलेत. रात्री जाळ हलला की तिथे कुणीतरी वाकून हात शेकत असल्याचं दिसतं. नीट बघायला गेलं की नसतं. सकाळी शेकोटी विझवलेली सापडते.

आज मावशींना खरं सांगून टाकलं. त्या रागावल्या नाहीत, तेच जास्त लागलं. आधीचा शेकोटीवाला भला माणूस होता म्हणाल्या. तोही दमायचा, तोही पाय ठेवायला दुसरा ओंडका घ्यायचा. मग त्याची कामं आपोआप होऊ लागली. एक दिवस म्हणाला, आता मला थकवा म्हणून येतच नाही. दुसऱ्या दिवशी त्याच्या चपला रिंगणापाशी होत्या, तो नव्हता.

रिकामी जागा मांडली की कुणीतरी येऊन बसतं, आणि बसलेला पुढे सोबत मागतो, असं त्या म्हणाल्या. तुमची शेकोटी एकदा त्याच्या हातानं विझली की मग ती तुमच्या हातानं विझत नाही. यावर इलाज काय, असं विचारलं. सगळ्या जागा भरल्या की त्याचं मागणं थांबतं, एवढंच त्यांना ठाऊक. वर म्हणाल्या, नोकरी सोड आणि नीघ.

सोडून जाऊ कुठे? ताईच्या दोन खोल्यांत पाच माणसं आहेत. चिमणी तिथे स्वयंपाकघराच्या ओट्याखाली झोपते. गेल्या खेपेला तिनं मला विचारलं होतं, मी शहाण्यासारखी वागले तर लवकर नेशील का. दोनच दिवस काढायचेत. परीक्षा झाली की पक्की नोकरी, मग व्यवस्थापकांशी बोलून शेकोटीची जागाच बदलून घेईन.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

पास झाले. पहिल्या काडीला पेटली.

व्यवस्थापक समोरच्या ओंडक्यावर बसले. आम्ही दोघं म्हणून मी दुसरा ओंडका मांडलाय, असंच त्यांना वाटलं. मी नको म्हणेपर्यंत बसलेही. दहा मिनिटांत त्यांना हुडहुडी भरली. आगीपुढे बसून दात वाजत होते. विझवताना बघायला थांबलेच नाहीत. उभ्या उभ्या कागदावर सही केली आणि स्कूटर ढकलतच फाटकाकडे गेले. चेहरा राखेसारखा पडला होता.

सहीचा कागद उशाखाली आहे. ज्याच्यासाठी एवढं केलं ते हातात आलं आणि मला आनंद होत नाही.

शेकोटी विझत नाही. चार बादल्या ओतल्या. पाणी चर्र होतं आणि जाळ पुन्हा उभा राहतो. आत लाकूड उरलेलं नाही. तरी जळते.

आता तिसरा ओंडका आलाय. लहान आहे. माझ्या गुडघ्याएवढाही नाही. त्याची साल काढून तो घासून गुळगुळीत केलाय. फ्रॉक अडकू नये म्हणून करतात तसा.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार, सकाळ

उन्हातही जळतेय.

लहान ओंडका हलत नाही. कुऱ्हाड घातली, साधा ओरखडा नाही. माझ्या ओंडक्याचंही तेच. मुळं धरल्यासारखे बसलेत सगळे.

व्यवस्थापक तापानं फणफणलेत, आज येणार नाहीत. मावशी गाठोडं घेऊन निघाल्या. माझा हात धरून ओढत होत्या. मी म्हटलं, आधी उद्याच्या मुलांना थांबवते, मग येते. त्यांनी मागे वळून बघितलं नाही.

दुपार

शाळेला फोन केला. तुकडी येणार नाही, कळवलं. व्यवस्थापक आजारी आहेत, एवढं कारण पुरलं. सुटले असं वाटलं.

मग ताईला फोन केला.

ताई हसत होती. म्हणाली, तुला सांगायचं नव्हतं, पण आता सांगते. चिमणी निघाली. शिबिराच्या सामानाची गाडी आजच सुटली, तिच्यात बसवून दिली. आईला चकित करायचं म्हणून पोरगी दोन दिवस हट्ट धरून बसली होती. लाकडं गोळा करायला आईला मदत करीन म्हणाली. साडेसहा-सातपर्यंत पोचेल.

ड्रायव्हरचा नंबर ताईकडे नाही. व्यवस्थापक फोन उचलत नाहीत.

पाच वाजता

फाटकापर्यंत जाऊन तिथेच गाडी अडवायची ठरवलं. अर्ध्या वाटेत पाय उचलेनात. सूज गुडघ्यापर्यंत चढलीय. रांगत निघाले तर वाट पटांगणात येऊन संपली. पुन्हा निघाले. पुन्हा पटांगण.

आगीतून फुफाट्यात म्हणतात. मी तर आग स्वतःच्या हातानं लावली.

सहा

अंधार पडू लागलाय. पलीकडे तो बसलाय. आज नीट दिसतोय. वाईट नाही दिसत. दमलेला दिसतो. तोही लहान ओंडक्याकडेच बघतोय.

जागा रिकामी राहिली तर ती येऊन बसेल. एवढ्या लांबून येतेय, शेकोटी बघून धावतच येईल. आई आहे म्हटल्यावर कशाला थांबेल?

सगळ्या जागा भरल्या की मागणं थांबतं. मावशी म्हणाल्या होत्या.

मग मीच बसते तिथे. सोबतच हवी आहे ना त्याला? मी आहे. तिला ताई आहे. ओट्याखाली झोपते, पण झोपते तरी.

थोड्या वेळानं

बसले. वही मांडीवर आहे.

किती बरं वाटतंय. पाठ दुखत नाही. पायांकडे बघितलं, सूज उतरली. बारा वर्षांची भट्टी, हे सात महिने, सगळं कुणीतरी अंगावरून काढून घेतल्यासारखं. त्यानं हळूच मान हलवली. मावशींनी हलवली होती तशी.

आता विझेल. आता विझायला हवी.

विझत नाही.

का विझत— सगळ्या जागा तर—

फाटकाशी हॉर्न वाजला.

समोर बघतेय. माझा ओंडका. पहिल्या दिवसापासून मी ज्यावर बसत होते तो. मी इकडे बसले आणि तो—

तो रिकामा आहे.

उठता येत नाही. कंबरेखाली काही कळत नाही. तिचा आवाज. उतारावरून आई, आई करत—

आली. मला बघत नाही. इथेच बघतेय पण मी दिसत नाही तिला. शेकोटी बघून हसली. हातात तीन काटक्या आहेत. मी फोनवर सांगितलं होतं तशा वाटेत मोडून बघितल्या असणार.

ओरडतेय मी. आवाज नाही. हात तेवढा चालतोय.

पाय दुखतात म्हणतेय. किती लांब होतं गं आई, म्हणतेय. माझ्या ओंडक्यापाशी उभी आहे.

वही टाकते तिच्या पायाशी. चिमणी, आधी हे वाच. शेवटचं पान आधी. टेकू नकोस, बाळा, हे वाचल्याशिवाय—