ठमीला धीट करण्याचा कार्यक्रम

५ ऑक्टोबर, रविवार
दसऱ्याला शेजारच्या चंदनने दोन सुतळी बॉम्ब फोडले आणि ठमी अडीच तास पलंगाखाली. नऊ वर्षांची कुत्री, अंगाने दांडगी, आणि ही अवस्था. दोष तिचा नाही, माझ्या बायकोचा, कुसुमचा. दर दिवाळीला बाई तिला न्हाणीघरात घेऊन बसायची. नळ चालू, अंगावर शाल, वर गुणगुणणं. पाण्याची नासाडी आणि कुत्र्याचे लाड.
कुसुम जानेवारीत गेली. आता ठमी माझ्याकडे. चौतीस वर्षं शाळेत पीटी शिकवली मी. विहिरीत उतरायला रडणारी पोरं महिन्याभरात सूर मारायची. कुत्री काय मोठी गोष्ट?
संकल्प : दिवाळीपर्यंत ठमी धीट.

७ ऑक्टोबर
दामिनीचा पुण्याहून फोन. म्हणे, बाबा, तिले डॉक्टरकडे नेऊन आणा, नाहीतर दिवाळीपुरती मी येऊन घेऊन जातो. म्हटलं, काहून? मी मेलो काय? शब्द चुकला. मुद्दा बरोबर होता.

९ ऑक्टोबर
जनावरांच्या डॉक्टरकडे जाऊन आलो, दामिनीच्या समाधानासाठी. पोरगा तिशीचा. खिडक्या बंद ठेवा म्हणे, टीव्ही लावून ठेवा, तिला लपायचं असेल तिथे लपू द्या, त्या पाच दिवसांत संध्याकाळी ही गोळी द्या. वर मला सांगतो, काका, जबरदस्ती नका करू, भीती दरडावून जात नसते. मी नुसती शिट्टी वाजवली असती तर रांगेत उभा राहिला असता.
गोळ्या ड्रॉवरमध्ये टाकल्या. सवय लागते.

१२ ऑक्टोबर
पहिला धडा. मोबाइलवर फटाक्यांचे आवाज, एकदम बारीक. ठमी पोळी खात राहिली. दणदणीत यश. दामिनीला मेसेज केला. तिने अंगठा पाठवला.

१४ ऑक्टोबर
आवाज थोडा वाढवला. ठमी जेवली नाही. हरकत नाही, एखादा उपास चांगला.

१५ ऑक्टोबर
दुसरा उपास.

१८ ऑक्टोबर, धनत्रयोदशी
ठमीने कुसुमच्या कपाटासमोर लघवी केली. नऊ वर्षांत पहिल्यांदा. वय झालं.
दामिनीने विचारलं, गोळी देऊन राहिले ना बाबा? हो म्हटलं. ह्याला खोटं म्हणत नाहीत. वेळ पडली तर देणारच होतो.

२० ऑक्टोबर, सकाळी सहा
पहाटेपासून चौफेर फटाके. ठमी थरथरत न्हाणीघरापाशी गेली आणि दारावर पंजा मारत राहिली. दार उघडलं नाही. आज उघडलं असतं तर आठवड्याभराची मेहनत पाण्यात. मग तिने पंजा मारणं बंद केलं आणि दाराला नाक लावून नुसती उभी राहिली.
मी पेपर वाचला. एकच पान.

२१ ऑक्टोबर, लक्ष्मीपूजन
पूजा केली. एकट्याने पटकन होते. साडेसहाला शेवटची चाचणी घ्यायचं ठरवलं. ठमीला पट्टा लावून अंगणात आणली. आधी फुलझडी. नुसती बघत होती. मग एक फटाका, लहानातला. आपल्याच माणसाने, आपल्या डोळ्यांसमोर फोडला म्हणजे भीती मोडते, असा हिशेब.
कॉलर सैल होती. हल्ली माल चांगला येतच नाही. ठमी फाटकावरून गेली. एवढी उंच उडी ती मारते हे मला माहीत नव्हतं.
तासाभरात येईल. कुत्र्याला घर कळतं.

२२ ऑक्टोबर, पाडवा
आली नाही. आमच्या नंदनवन वस्तीच्या सगळ्या गल्ल्या पायी फिरलो. हाक मारली की लोक गॅलरीत येऊन बघायचे. चंदनने स्कूटर काढली, मला मागे बसवलं. म्हणाला, सर, मी फटाके फोडले म्हणून पळाली काय? तुझी चूक नाही म्हटलं. पुढचं सांगायचं राहून गेलं.

२३ ऑक्टोबर, भाऊबीज
दामिनीला सांगावंच लागलं. कॉलर तुटली म्हणालो. ती म्हणाली, व्हिडिओ कॉल करा आणि गोळ्यांचं पाकीट दाखवा. दाखवलं. दहाच्या दहा जागेवर. तिने ओरडावं म्हणून वाट बघितली. तिने डोळे पुसले आणि म्हणाली, आईची ती एकच गोष्ट राहिली होती बाबा.
दुपारी पत्रकं छापून आणली. ठमीचा फोटो, माझा नंबर. फोटोत मागे कुसुमचा हात आला होता. कापून टाका म्हटलं दुकानदाराला. मग राहू द्या म्हटलं.

२४ ऑक्टोबर
महाल, इतवारी या जुन्या वस्त्यांपर्यंत पत्रकं लावली. पाय सुजले. दोन फोन आले, दोन्ही दुसऱ्याच कुत्र्यांचे.

२६ ऑक्टोबर, रविवार, दुपार
सकाळी महालातून फोन. यमुताई नावाच्या बाई, घरी बसून वाती वळतात. म्हणाल्या, भाऊ, तुमची पोरगी माह्या घरी आहे, पाडव्यापासून मोरीतून हालून नाही राहिली.
चंदनच्या स्कूटरवर गेलो. मोरीला पडदा. आत ठमी, पुढच्या पायाला चिंधी बांधलेली. यमुताई बाजूला पाटावर बसून वाती वळत होत्या. जोरानं बोलू नका म्हणाल्या.
मी खाली बसलो. पीटीच्या आवाजात नाही, साध्या आवाजात हाक मारली. ठमी उठली. लंगडत आली, माझा हात हुंगला. हाताला पाच दिवसांनंतर फटाक्याचा काही वास राहिला असेल असं वाटत नाही. मग तिथेच तिची लघवी झाली. पोट जमिनीला घासत मागे गेली आणि यमुताईंच्या पदरात तोंड घातलं.
यमुताई म्हणाल्या, लेकरू फटाक्यानं लय भेलं भाऊ. कोनं फोडला असंन असा जवळ?
मी, म्हटलं. पट्टा धरून.
त्यांनी चहा घेता का विचारलं. नको म्हटलं. तिला इथेच राहू द्याल का विचारलं. त्यांनी हो म्हणून मान हलवली. दामिनीला फोन लावून पत्ता दिला.
घरी येताना मनात वाक्य तयार केलं होतं : ठमीने मला ओळखलं नाही.
ओळखलं.