घाटावरून आलेल्या पाहुण्यांची पोच

पावस, रविवार, दुपार

आदरणीय तुळसाताई आणि भावोजी,

तुम्हां दोघांना सहदेवचा सप्रेम जयभीम. ताई, तुझे गुडघे या पावसात काय म्हणतात? भावोजींचा खोकला थांबला का? त्यांच्या मोबाइलची प्रकृती कशी आहे तेही कळव. (आजवर मी ती कधी विचारली नव्हती, पण आता त्या मोबाइलला काही होऊ नये असं मला मनापासून वाटतं. कारण पुढे येईलच.) इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत. तुझी भावजय चंपा कालपासून कुणाशी फारसं बोलत नाही, पण त्याला खुशालीच म्हणायचं.

पत्र लिहायचं मुख्य कारण आभार मानणं. फोनवर मानले असते, पण फोनवर तू मला दोन वाक्यांपुढे जाऊ देत नाहीस. दीप्तीला तुम्ही आठवडाभर घाटावर आंबा गावी ठेवून घेतलंत, गरम भाकऱ्या घातल्यात, गुडघे दुखत असताना छत्री धरून तिच्यामागे वाफ्यावाफ्यातून फिरलीस, आणि जुना फुलाफुलांचा पडदा फाडून बेडकांसाठी पिशव्या शिवून दिल्यास. सख्खी आत्या असली तरी एवढं कोण करतं? माझी मुलगी बेडकांचे पाय मोजते हे मी इथे सहसा सांगत नाही. कोणी विचारलं तर 'रिसर्च' म्हणतो आणि विषय आंब्याच्या मोहोरावर नेतो.

तिचं काम तिने तुला सांगितलं असेलच, पण मला ते आत्ता कुठे समजलंय, म्हणून सांगून घेतो. भातशेतात असतात ती साधी छोटी बेडकं. जात एकच, पण एक घराणं आमच्याकडे समुद्राकाठी आणि एक तुमच्याकडे घाटमाथ्यावर. उंचावर गारवा जास्त, त्यामुळे तिथली बेडकं सावकाश वाढतात, अंगाने ठेंगणी आणि पायांनी आखूड होतात, आणि कातडी गडद होते म्हणजे जरा ऊन पडलं की लवकर ऊब मिळते. खूपच उंच डोंगरात हवा विरळ, तिथल्या बेडकांच्या रक्तात लाल पेशीसुद्धा जास्त असतात म्हणे. असं जगात काही ठिकाणी दिसलंय. आपला घाट म्हणजे काही हिमालय नव्हे, तेव्हा इथे एवढ्या उंचीला फरक पडतो की नाही, हेच तिला बघायचंय. अट एकच, आणि ती कडक: मोजून झालं की प्रत्येक बेडूक जिथून उचलला तिथेच नेऊन सोडायचा. वरचा खाली राहता कामा नये, खालचा वर जाता कामा नये. ही अट मोडली तर परवानगी गेली, आणि परवानगी गेली की काम गेलं.

आता वजनाचा तो नाजूक काटा एसटीत धक्के खाऊन बिघडतो, म्हणून काटा इथेच ठेवायचा आणि बेडकांनी घाट उतरायचा असं ठरलं. (बेडकांना धक्के चालतात का, हे त्यांना कोणी विचारलं नाही.) शुक्रवारी संध्याकाळी दीप्ती तुझ्या ओल्या पिशव्या घेऊन घरी आली, त्या ओट्यावर ठेवल्या आणि अंघोळीला गेली.

ताई, यापुढे जे झालं त्यात तुझाही थोडा वाटा आहे. गेली कित्येक वर्षं तू श्रावणात रानभाजी पाठवतेस ती कशात? ओल्या फडक्याच्या पिशवीत, भाजी मलूल होऊ नये म्हणून. चंपाने तुझी शिवण ओळखली, ओल लागली हाताला, आणि 'वन्संनी भारंगी पाठवली वाटतं' असं म्हणून तिने एकेक पिशवी सोडून धुवायच्या घमेल्यात उलटी केली. भारंगीने उडी मारली.

मी बाहेर पडवीत पेपर वाचत होतो. आतून हाक आली, "अवो, आत या! आणि पाय जपून टाका, पहिलं शील मोडंल!" जीवहत्या करायची नाही हे आपण लहानपणापासून म्हणतो, पण ते सैपाकघरात एका पायावर उभं राहून पाळायची वेळ माझ्यावर प्रथमच आली. एक बेडूक कुकरच्या झाकणात, एक माझ्या चपलेत, एक थेट मिक्सरमागे. (मिक्सरचं बटण मी पळत जाऊन बंद केलं. ते बंदच होतं, पण बाप आहे मी.) चंपाने एकेकाला ओंजळीत धरलं आणि समोर दिसलेल्या बादलीत सोडलं. त्या बादलीत शेजारच्या रेणुकाने दीप्तीसाठी त्याच दिवशी सकाळी खालच्या मळ्यातून पकडून आणलेली पावसची बेडकं होती. आणि मग, तुला माहीत आहे आपली रीत, माहेरची असो की सासरची, पिशवी रिकामी परत पाठवायची नाही. चंपाने पिशव्या साबणाने धुतल्या, त्यांच्यावरचे वाफ्यांचे नंबर धुतले, आणि वाळल्यावर भरायला आमसुलं काढून ठेवली.

दीप्ती बाहेर आली. बादलीत बघितलं. आईकडे बघितलं.

"आई, हे काय केलंस?"

"बेडकात बेडूक टाकला गो. त्यात काय झालं?"

"माझं वर्ष गेलं, ते झालं," असं म्हणून पोर ओट्याला टेकून खाली बसली. ताई, ती रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं.

मी म्हटलं, सोपं आहे, आखूड पायाचे आणि काळपट ते आत्याचे, लांब पायाचे ते आपले. करून टाक वाटणी. ती म्हणाली, "बाबा, पाय आखूड असतात का तेच मला शोधायचंय. आखूड बघून वाटले तर मी शोधलं काय?" शाळेच्या ऑफिसात तीस वर्षं काढली, पण असा पेच एकाही फायलीत आला नव्हता. चंपा तेवढ्यातही म्हणाली, "तुमच्या ताईच्या गावची माणसंपण तशीच, ठेंगणी नि दमदार." मी ते ऐकलं नाही. तूही ऐकलं नाहीस असं समज.

आणि मग दीप्ती ताडकन उठली. "मामा!" (भावोजींना ती लहानपणापासून मामाच म्हणते, नातं चुकीचं असलं तरी.) भावोजी, घरातून कोणीही निघालं की तुम्ही त्याला दारात उभं करून फोटो काढता आणि 'पाहुणे निघाले' म्हणून सगळ्या नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकता. या छंदाची आम्ही आजवर जी थट्टा केली ती सगळी मी परत घेतो. कारण तुम्ही बेडकांनाही सोडलं नव्हतं. ताईच्या हातात एकेक बेडूक, पोट पुढे करून, शेजारी त्याची नंबरवाली पिशवी, आणि खाली तेच: पाहुणे निघाले. बेडकांच्या गळ्यावरचे ठिपके आपल्या अंगठ्यासारखे असतात, एकाचे दुसऱ्याला नसतात. रात्री जेवणं बाजूला ठेवून आम्ही तिघं बसलो. दीप्ती बेडूक धरी, मी मोबाइल धरी, आणि चंपा चष्मा लावून निकाल देई. जेवढे फोटो तेवढे पाहुणे सापडले. एकही कमी नाही.

मग दीप्तीने सगळे मोजले. वरचे बहुतेक खरंच थोडे आखूड पायाचे निघाले. ती म्हणते एवढ्यावरून काही म्हणता येत नाही, पण म्हणताना हसत होती. फक्त सगळ्यांत काळा, जाडा, आखूड जो होता, ज्याला मी छातीठोकपणे तुमच्याकडचा म्हटलं होतं, तो आमचाच निघाला. मळ्यातल्या दिव्याखाली किडे खाऊन माजलेला.

ताई, तेव्हापासून एक विचार डोक्यात आहे. आपण दोघं एकाच आईची. तू लग्न होऊन वर गेलीस, मी खाली राहिलो. तू या वयात घाटाची चढण चढतेस, मी पावसच्या बसथांब्यापर्यंत धापा टाकतो. उंचीने तुला घडवलं, आणि त्या घडण्याचा फायदा माझ्या लेकीला झाला. हे एवढं लिहायचं होतं. बाकी आभाराला शब्द नाहीत, आणि असते तर तू ते पुरे करू दिले नसतेस.

तुमचा धाकटा,
सहदेव

ता. क. हे पत्र आणि पाहुणे घेऊन दीप्ती उद्या येतेच आहे. पिशव्यांपैकी कुठलीच सैपाकघरात उघडू नकोस. लाल दोरीच्या पिशव्यांत बेडूक आहेत, साध्या दोरीच्यांत आमसुलं.

ता. क. २. चंपा म्हणते, लाल दोरी आमसुलांना.

ता. क. ३. दीप्तीला आता हिवाळ्यात-उन्हाळ्यातही मोजमाप करायचंय, म्हणजे पुढचं वर्षभर वर राहायला लागेल. ती स्वतः विचारणार नाही, तुम्हांला त्रास नको म्हणून. मी विचारतो. ठेवून घ्याल का?

ता. क. ४. भावोजी, वर्षाने ती निघेल तेव्हा दारात उभी करून फोटो नक्की काढा. घाटाने आमच्या मुलीत काय काय बदल केला, ते चंपाला चष्मा लावून ताडून बघायचंय.