पडून राहिलेली नळी

८ फेब्रुवारी, दुपार

टिटवे,

अनेक आशीर्वाद. नको असतील तर बाजूला ठेव, आशीर्वाद नासत नाहीत.

इकडे सगळं ठीक. बंदरावर धुकं बसलंय ते हलायचं नाव नाही. वर्कशॉपच्या दारातून समोरचा धक्कासुद्धा दिसत नाही, नि बोटींची रडारं नेमकी आत्ताच रुसतात. तुझं जहाज कुठे आहे देव जाणे. त्याच्या रडारमधला मॅग्नेट्रॉन धड आहे ना? मुठीएवढी तांब्याची नळी, पण ती गेली की जहाज आंधळं. परवा एक बाई बंद पडलेला मायक्रोवेव्ह घेऊन आली. म्हटलं, बाई, तुमचं दूध तापवणारी नळी नि जहाजाला वाट दाखवणारी नळी सख्ख्या बहिणी. तर म्हणते, "मग एक घरात नि एक समुद्रात का?" म्हटलं, ते त्या बहिणींनाच विचारा!

बाबा बरे आहेत. म्हणजे जेवतात, झोपतात, माझ्याबरोबर येऊन स्टुलावर बसतात.

काल एका मच्छीमाराच्या रडारला आपल्या फडताळातली जुनी नळी बसवली. कित्येक वर्षं पडून होती. मी आपली घाईची, लगेच विजेचा पूर्ण दाब द्यायला निघाले, तर बाबांनी मनगट धरलं. "अगं, पडून राहिलीय ती. एकदम दिलास तर आतल्या आत ठिणग्या उडून मरेल. आधी नुसती तापू दे. मग थोडा थोडा वाढव. तडतडेल, तडतडू दे."

तडतडली. मग शांत झाली. पडद्यावर हिरवी रेघ फिरायला लागली आणि धुक्यामागचं सगळं हळूहळू उजळत गेलं. धक्का, खडक, घरी परतणाऱ्या बोटींचे ठिपके. आम्ही दोघं कितीतरी वेळ स्वप्नात असल्यासारखे बसून होतो. बाबा एकेका ठिपक्याला "ये, ये" म्हणत होते.

मग माझ्याकडे वळून म्हणाले, "टिटवे, कधी आलीस गं?"

हे लिहायचं नव्हतं, लिहून बसले. महिनाभर असंच चाललंय. त्यांना मी तू वाटते. पहिल्यांदा रडले. मग तुझा राग आला, खूप आला. राबायचं मी नि नाव तुझं! आता मी "आत्ताच आले, बाबा" म्हणते. ते खुलतात.

पण काल माझा हात हातात घेऊन म्हणाले, "ताईशी बोल गं. तू जहाजावर गेलीस तेव्हापासून दोघींनी तोंडं फिरवलीत. ती तोंडाची फटकळ आहे, पण तुझ्यावाचून झुरते. मी आहे तोवर बोला."

खोटं नाही बोलले ते. मी "हो" म्हटलं, तुझ्या वतीने. निरोप तुझ्यासाठी होता, म्हणून तुला पोचवते.

ये. त्यांना तुझं नाव आठवतंय तोवर ये. आल्या आल्या मला काही बोलू नकोस, मीही बोलणार नाही. नुसती बस, चहा घे. मग तडतडेल थोडं. तडतडू दे.

तोवर तुझ्या जागेवर बसलेली,
ताई