दहापैकी एक

गुरुवार, दुपारचे तीन
जहाजावरचा आठवा दिवस, पुस्तकांची खोली

चिरंजीव ढब्बूस,

आजीचा आशीर्वाद. डोक्यावरून हातही फिरवला असता, पण तो पाकिटात मावत नाही, तेव्हा आशीर्वादावर भागव.

माझी तब्येत बरी आहे. गुडघे दुखतात, पण इथे जमीनच डुलते, त्यामुळे लंगडते मी की जहाज, ते कुणाला कळत नाही. जेवण जातंय. झोप येत नाही. का येत नाही ते पुढे येईल, घाई करू नकोस.

पत्र आपल्या टेबलावरच्या मास्तरीणबाई लिहीत आहेत. छत्तीस वर्षं शाळेत शिकवून आता निवृत्त झाल्या आहेत. मी बोलते, त्या लिहितात. माझं बोलणं सुधारायचं नाही, असं मी आधीच बजावलं आहे. "आजी, निदान व्याकरण तरी?" म्हणाल्या. म्हटलं, ते राहू द्या तुमच्याकडेच, माझं एवढी वर्षं त्याच्यावाचून अडलं नाही. बसलोय पुस्तकांच्या खोलीत. इथे दिवसभर चिटपाखरू फिरकत नाही, आणि मला इथे शोधायला तर कुणीच येणार नाही.

तुला वाटेल, एकाच जहाजावर असून म्हातारी पत्र काय धाडतेय! पण तुझी खोली त्या लोखंडी दाराच्या पलीकडे, तिथे पाहुण्यांना मज्जाव. आणि वर बुफेत तुझ्यापुढे ही मोठी रांग. परवा आणि काल दोनदा त्या रांगेत उभी राहिले, दोनदा तुझ्यापर्यंत पोचले, आणि दोन्ही वेळा मागच्याने ढकलायच्या आत तोंडातून शब्द फुटला नाही. तू काल म्हणालास, शुक्रवारी दुपारी बाराला राजीनाम्याच्या कागदावर सही करतो आणि पुढच्या बंदरावर उतरून तुझ्याबरोबरच घरी येतो, चौदा वर्षं झाली, बास. हे पत्र त्या सहीच्या आधी तुझ्या हातात पडलं पाहिजे. आमची खोली आवरणारी पोचवते म्हणाली आहे.

तर सांगते.

पहिल्या दिवशी तू मला जेवणघरात नेलंस, तेव्हा माझी काय तारांबळ उडाली आठवतं ना? खुर्ची मागे ओढलीस, मी बसताना पुढे सरकवलीस, मांडीवर रुमाल पसरलास. टेबलावर तीन काटे, तीन सुऱ्या. मी हळूच विचारलं, "यातला माझा कुठला?" तू म्हणालास, "सगळे तुझेच आहेत. बाहेरून सुरू कर आणि आत ये." आणि मग काळा कोट, डाव्या हातावर मोठं ताट, उजव्या हातात चमचा नि काटा चिमट्यासारखा धरून माझ्या डाव्या बाजूने वाढायला वाकलास, तेव्हा मला तुझी ओळखच पटेना. म्हटलं, हा आमचा ढब्बू? ज्याला पायजम्याची नाडी बांधता येत नव्हती तो?

पण मी सगळ्यात आधी टेबलावरचं कापड पाहिलं. तीस वर्षं हॉटेलांचे टेबलक्लॉथ इस्त्री करण्यात गेली माझी, दुसरं काय पाहणार? मधली घडी बरोबर टेबलाच्या मधोमध, चारी बाजूंना सारखं लोंबतंय. तू माझ्या इस्त्रीच्या टेबलाखाली वाढलास. रुमालाच्या घड्या तुला आधी जमल्या, बाराखडी नंतर. तेव्हा मनात म्हटलं, आपला हात या पोरात उतरला आहे.

आणि कुंड्यांच्या रांगेपलीकडे तो दुसरा भाग, नवा. उघडी टेबलं, कागदाचे रुमाल, कधीही या, कुठेही बसा, काचेच्या पाटीवर बोट दाबा की कुणीतरी टी-शर्टवाला भरलेली थाळी आणून ठेवतो. आज हा, उद्या तो. मी पहिल्यांदा नाक मुरडलं. पण खरं सांगू? तिथे एक गृहस्थ अर्ध्या चड्डीत बसला होता, त्याचं पोर टेबलाखाली रांगत होतं, आणि कुणालाही घाम फुटला नव्हता. आमच्या बाजूला मी काटा खाली पाडला तर माझ्याच छातीत धस्स झालं. तेव्हा ती बाजू वाईट, असं मी म्हणणार नाही. त्यांचंही पोट भरतं, आणि हसतातही जास्त.

एवढंच की तिथे कुणी कुणाचं नसतं. आपल्या बाजूला चार नंबरच्या टेबलावर ते बहिरे आजोबा आहेत ना, त्यांना तू दुसऱ्या दिवसापासून कधी मागून वाढलं नाहीस. आधी समोर जायचास, ताट दाखवायचास, ते मान हलवायचे, मग बाजूला येऊन वाढायचास. तुझ्या जागी आलेला पोरगा परवा मागून आला. आजोबा असे दचकले की रस्सा सगळा कापडावर. डाग निघणार नाही तो, मी सांगते.

बाई म्हणतात, आजी, तुम्ही मुद्द्यावर येत नाही. येते बाई. म्हातारीचा पाय जरा हळू पडतो.

तू मला पहिल्याच दिवशी सगळं समजावलं होतंस. या सफरीत दोन्ही भाग शेजारी शेजारी चालवून बघणार, पाहुण्यांना कार्डं देणार, आणि त्यावरून ठरणार की जुनी पद्धत ठेवायची का आणि ठेवली तर त्या कोटात कोण राहणार. आणि म्हणाला होतास, "आजी, तू कार्डाला हात लावायचा नाहीस. घरच्या माणसाने लावला तर वेटरवरच शेकतं." मी मान डोलावली होती. तुझी आईसुद्धा निघताना हेच म्हणाली, "सासूबाई, तिकडे काही करू नका, नुसत्या बसा." माझ्या सुनेला माझी चांगली ओळख आहे.

चौथ्या दिवशी जेवणं झाल्यावर कार्डं वाटली. माणसं पोटभर जेवलेली, पलीकडे गाण्याचा कार्यक्रम सुरू होत होता. दोघातिघांनी भरलं, बाकीची तसंच टेबलावर टाकून गेली. बाईही आपलं पर्समध्ये ठेवते म्हणाल्या आणि खुर्चीवरच विसरल्या. तू बश्या घेऊन आत गेला होतास. तुझी तीन टेबलं, आणि त्यावर ती कोरी कार्डं. माझा जीव नुसता वरखाली. म्हटलं, एवढं वाकून वाकून वाढलं पोराने, आणि यांना एक खूण करायला हात उचलवत नाही?

अक्षरं मला येत नाहीत, पण आकडे येतात. इस्त्रीचे नग मोजण्यात जन्म गेला. कार्डावर एकापासून दहापर्यंत आकडे आणि प्रत्येकाखाली गोल. आता मला सांग, आपल्या घरात कुणी शाळेतून नाचत आलं तर काय ओरडत आलं? पहिला नंबर आला! दहावा आला म्हणून कुणी नाचलं?

मी सगळ्या कोऱ्या कार्डांवर एकाखाली खूण केली. अकरा कार्डं. नीट गोळा केली, कडा जुळवल्या आणि दाराजवळच्या पेटीत टाकली. वर येऊन अशी झोपले, जशी वर्षात झोपले नव्हते.

इथे बाईंनी लिहायचं थांबवलं. पेन खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "आजी, माझं कार्डही?" म्हटलं, हो. म्हणाल्या, "मी त्याला दहा देणार होते. दोन दिवस शोधतेय ते कार्ड." शाळेत कुणाला कोपऱ्यात उभं केलं की कसं वाटत असेल, ते या वयात कळलं. पण त्यांनी पेन परत उचललं आहे, एवढं खरं.

पाचव्या दिवशी तू टेबलावरचा चुरा त्या पट्टीने ओढून घेत होतास. माझ्याकडे न बघता म्हणालास, "आजी, माझ्या टेबलांनी मला दहापैकी एक दिला." मला आनंदच झाला. म्हटलं, "म्हणजे पहिलाच की रे!" तू हसलास. "एक म्हणजे तळ, आजी. अकरा जणांनी मला तळाला टाकलं. मला वाटत होतं, माणसं खूश आहेत."

त्याच क्षणी सांगायला हवं होतं. तू समोर होतास, मी समोर होते, मधे फक्त चुरा होता. आणि मी काय म्हटलं? "जरा पाणी दे." तू दिलंस. उजव्या बाजूने, एक थेंब न सांडता.

दुसऱ्या दिवसापासून तुला वर बुफेत पाठवलं. पहिल्यांदा आले तेव्हा तू दारात उभा होतास, हातमोजे घालून, आणि येणाऱ्या प्रत्येकाच्या हातावर औषधाचं पाणी फवारत होतास. मलाही म्हणालास, "या, हात पुढे करा." अहोजाहो! मग ओळखलंस, आणि दोघेही हसलो. तू जरा जास्तच हसलास.

आता जे सांगायचं आहे, त्याच्यासाठी मी बाईंना खिडकी उघडायला लावली. ती उघडत नाही. जहाजाच्या खिडक्या उघडत नाहीत म्हणे. असो.

तुला वाटेल, आजी घाबरली म्हणून गप्प बसली. घाबरले, खोटं नाही. मी बोलले तर घरच्या माणसाने कार्डं भरली म्हणून तुला काढतील, ही भीती आहेच. पण नुसतं तेवढंच असतं तर मला झोप लागली असती. काल तू म्हणालास, तुझ्याबरोबरच घरी येतो. आणि ढब्बू, तुझा चेहरा तेवढा उतरलेला असताना मला बरं वाटलं. मी खोलीत जाऊन मनात तुझी खाट कुठे टाकायची ते ठरवलं. खिडकीकडची, तुला उजेड लागतो म्हणून. चौदा वर्षांत तू सगळे मिळून किती दिवस घरी राहिलास, ते मला ठाऊक आहे. मी आता अठ्ठ्याहत्तरची. वाटलं, देवाने माझ्या चुकीचंच सोनं केलं. गप्प राहिलं की पोर घरी. नुसतं गप्प राहायचं, त्याला काय लागतं?

असं मी काल दिवसभर गप्प राहिले. आणि काल जेवताना बहिऱ्या आजोबांनी मला खूण करून विचारलं, तो कुठे गेला? उंची दाखवली, कोटाची बटणं दाखवली, ताट समोर धरल्यासारखं केलं. मी हात हलवले, मला माहीत नाही म्हणून. त्यांनी स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं आणि माझ्याकडे असं पाहिलं की, माझं काही चुकलं का? त्यांना वाटतंय, त्यांच्यामुळेच तू गेलास. आणि तुला वाटतंय, त्यांनी तुला तळाला टाकलं. दोन भली माणसं एकमेकांपुढे खजील, आणि मधे मी, मिटक्या मारत जेवतेय.

म्हणून हे पत्र. तोंडाचं बोलणं वाऱ्यावर जातं, कागद साहेबाच्या टेबलावर ठेवता येतो.

हे तुमच्या जेवणघराच्या त्या चकचकीत बुटांच्या साहेबाला दाखव. बाई त्याला त्याच्या भाषेत वाचून दाखवतील. उद्या सकाळी दहाला आम्ही दोघी त्याच्या दारात उभ्या असू, तू ये अगर न ये. मी सांगेन की याने मला मनाई केली होती, मी ऐकलं नाही. पुरावा हवा असेल तर ती अकरा कार्डं काढ म्हणावं. प्रत्येकावर फुली आहे आणि फुलीच्या उजव्या कुशीत एक ठिपका. हॉटेलच्या कापडांवर आमच्या दुकानाची म्हणून दोऱ्याने हीच खूण घालायचे मी. पाहुण्यांतल्या अकरा जणांना ती एकदम कशी सुचेल? इथेच एक करून ठेवते, ताडून बघा: ×·

याने तुझं भलं होईल की उरलंसुरलंही जाईल, मला सांगता येत नाही. बाईंना विचारलं, त्यांनाही येत नाही. कदाचित साहेब म्हणेल, दोघंही उतरा. कदाचित तो जुना भाग पुढच्या सफरीत राहणारच नाही आणि तुला टी-शर्ट घालून काचेची पाटी धरावी लागेल. धरशील. बहिऱ्या माणसासमोर आधी जायचं असतं, हे टी-शर्टमध्येही विसरणार नाहीस तू.

आणि तरीही घरी यायचं असेल तर ये. खाट टाकलेलीच आहे. मात्र तू माणसांना नकोसा झालास म्हणून येऊ नकोस, ते खरं नाही. त्यांच्यातल्या एकानेही तुला एक दिलेला नाही.

उद्या दहापर्यंत सही करू नकोस. एवढं ऐक. पुढचं तू आणि तुझा साहेब बघा.

तुझ्यावर नाराज असलेली ती अकराही माणसं,
म्हणजे एकटी मी,
तुझी आजी