वादीला ओहोटी नसते

प्रिय विजूमामा,

काल तुझी वादी पुन्हा भरून आली. मी ठेवलेला नारळ घेऊन गेली. म्हणून आज कामाला दांडी मारून लिहायला बसलोय.

लिहिणं माझं काम नव्हे, तुला माहीत आहे. शाळेत 'माझा आवडता प्राणी' या निबंधात मी तुझ्याबद्दल लिहिलं होतं आणि बाईंनी कानफटात दिली होती. केवढा हसला होतास तू! पण हे कुणाला तरी सांगायलाच हवं. ज्याच्यासाठी केलं तोच ऐकायला नाही, मग काय करू?

मार्च आहे मामा. मस्कतच्या या मुलखातला सगळ्यात देखणा काळ. सकाळी गार वारा, ऊन सोसवेल इतकंच, सोहारच्या मागच्या बागांत आंब्याला मोहर. मोहराचा वास आला की मी गाडी बाजूला घेऊन उगाच थांबतो. माझा नवा मालक, एसी दुरुस्तीवाला, बोंबलतो, "अरे, कस्टमर गरमी में मर रहा है!" मार्चमध्ये कसली गरमी? ते जाऊ दे. सांगत होतो काय, की या सपाट मैदानावर आभाळ असं निळंशार असतं आणि तिकडे पश्चिमेला डोंगरात पाऊस कोसळत असतो. त्याची खबर आपल्याला थेट पाण्यानेच लागते.

मी नवा आलो तेव्हा तूच दाखवलं होतंस. मत्रहच्या कापडाच्या दुकानात मी टिकलो नाही, रुवीच्या सलूनमध्ये टिकलो नाही, शेवटी तुझ्या टँकरच्या केबिनमध्ये येऊन बसलो. तू एका धोंड्यांच्या माळावर गाडी थांबवलीस आणि म्हणालास, "ही वादी. हयली नदी."

मी विचारलं, "मामा, पाणी खंय?"

"येताला तेवा विचारूचा लागाचा नाय."

आणि मग तूच गेलास तिच्यात! काय म्हणू तुला?

पण नाही. तू गेला नाहीस, तुला घातलं. एवढंच मला वर्षभर ओरडून सांगायचं होतं, आणि माझं ऐकतो कोण? संत्या म्हणजे दहा धंदे सोडलेला. संत्या म्हणजे बाजारात मीठ आणायला पाठवला तर कोंबड्यांची झुंज बघून हात हलवत येणारा. मामीला फोन करून सांगितलं, तिने ऐकून घेतलं. गावाने नाही घेतलं. गावाने तांडेलाचं घेतलं.

तांडेलनाना! आपल्या खाडीच्या पलीकडच्या काठावरचा. तीन पिढ्या होड्या हाकणारं घर. इथे आपल्या टँकरांचा सुपरवायझर झाला तरी कामगारांच्या कॅम्पात सगळे म्हणायचे, तांडेल म्हणजे पाण्याचा माणूस. तिथी सांगा, बोटांवर पाऊणपट करून भरतीची वेळ सांगतो. शुक्रवारी गळ टाकायला जायचं तर त्यालाच विचारायचे. तू पण विचारायचास.

त्या दिवशी डोंगराकडच्या कॅम्पात पाणी देऊन आपण रिकामे परत येत होतो. रस्त्यावरून वादी वाहत होती. लाल, जाड, कचरा आणि झाडांच्या फांद्या घेऊन. आतून धोंडे एकमेकांवर आपटल्याचा आवाज येत होता. दोन्ही काठांना गाड्यांची रांग. इथली माणसं पोराबाळांना घेऊन पाणी बघायला आली होती, जसं आपल्याकडे दशावतार बघायला जातात. आणि डोक्यावर निळं आभाळ!

तू थांबलास. गाडी बंद केलीस. हँडब्रेक ओढलास. मामा, तू थांबला होतास! मी बाजूला बसलो होतो.

मग त्याचा फोन आला. तुझा तो मोबाईल, कानाला लावला तर ऐकू यायचं नाही म्हणून नेहमी स्पीकरवर.

"विजू, खंय आसस?"

"वादीर. पाणी आसा."

"अरे, आज अष्टमी मेल्या! बोटार मोज. सुकती कधीच लागली. आता उतारतलां पाणी, भियां नको. हय सायब येतत आणि टाकयेत थेंब नाय. यल्ला, चल!"

सुकती. इथल्या पुण्याच्या पोरांना ओहोटी म्हटल्याशिवाय कळत नाही. आपल्याला मात्र तो शब्द ऐकला की धीर येतो. आपली खाडी श्रावणात घरात शिरली तरी आजा काय म्हणायचा? सुकती लागू दे, जाईल. आणि जायची. तू बोटं मोजलीस. मी पण मोजली. हिशेब बरोबर होता रे! फक्त ती खाडी नव्हती. डोंगरातून उतरणाऱ्या पाण्याला समुद्राशी काय देणंघेणं? वादीला ओहोटी लावायचं हे दुसऱ्या कुठल्या मुलखातल्या माणसाच्या डोक्यात आलंच नसतं. पंजाबी ड्रायव्हर मागे बिडी ओढत बसले होते, ते कशाला ओहोटी मोजतील?

तू म्हणालास, "झिला, दोन चाय हाड. तवसर उतारता."

काठावरच्या केरळी चेट्टाच्या टपरीवर मी गेलो. पाणी खरंच जरा उतरलं होतं. म्हणूनच निघालास ना? चहा येईपर्यंत तरी थांबायचंस! मी दोन्ही हातांत कप धरून वळलो तर तू मध्यापर्यंत पोचलेला. मग वरून दुसरा लोंढा आला. भरलेला टँकर असता तर जड पडला असता. रिकामा तो, होडीसारखा उचलला गेला.

चहा माझ्या हातावर सांडला. तेव्हा कळलंही नाही.

ऐक आता. तांडेलाची चूक झाली, ती मी सोडली असती. खाडीतल्या कुठल्याही माणसाची झाली असती. पण तुला गावी पाठवायच्या आधीच, कॅम्पाच्या मेसमध्ये, सगळ्यांसमोर तो काय म्हणाला माहीत आहे? "मी त्येका सांगललंय, थांब म्हणान. ऐकाक नाय. विजू मस्तीत गेलो." तुझा मोबाईल वादीत, आणि माझ्या तोंडाला किंमत नाही. त्याचं बोलणं तुझ्या आधी गावात पोचलं. मामी पाणवठ्यावर गेली की बायका गप्प होतात. तुझ्या बाराव्याला कोणीतरी म्हणालं, टँकर चालवायला अक्कल लागते!

तेव्हापासून मला दुसरं काही सुचलं नाही. एका कामावर कधी न टिकलेला मी, या एका कामावर वर्षभर टिकलो. एकदा मोठा पाना घेऊन त्याच्या मागे उभाही राहिलो होतो. त्याने वळून विचारलं, "जेवलंस काय रे?" आणि हात खाली आला. लाज वाटली मला. त्याला विचारायची लाज कशी वाटली नाही?

मग ठरवलं, आपल्या पद्धतीने. देवाकडे नारळ ठेवायचा त्याच्या नावाचा, शाप लागायला. मस्कतला गेलो, दार्सैतच्या कृष्णाच्या देवळात. मनातल्या मनात सगळं बोललो, नारळ पुढे केला. पुजाऱ्याने तो खाडकन फोडला आणि अर्धा माझ्या हातात दिला, "प्रसाद है बेटा, भगवान सबका भला करेगा।" सबका! तांडेलाचं पण! तिथेच पायरीवर बसून खोबरं खाल्लं. गोड होतं मेलं.

शेवटी शिमगा आला. दरवर्षीसारखी आपली कोकणातली माणसं शुक्रवारी सोहारच्या समुद्रावर जमली. ढोल नाही, बिस्किटांचा डबा बडवायचा. गाऱ्हाणं घालायला नेहमीचा मानकरी, तांडेलनाना. वाळूत नारळ ठेवून त्याने हात जोडले.

"बा देवा म्हाराजा! परमुलखात इल्या लेकरांची रखवाली कर, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे.

"जो कोण आमच्या वायटावर आसात, त्येचां वाटोळां कर, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

मला हसूच आलं. तो शेवटी म्हणाला, "आणि कोणाचां काय?" विचारायची पद्धत म्हणून विचारतात, कोणी पुढे येत नाही. मी आलो. पिशवीतून माझा नारळ काढला. आवाज तुझ्यासारखा चढवला.

"बा देवा म्हाराजा! ज्यान माज्या मामाक 'सुकती लागली, यल्ला चल' सांगान भरल्या वादीत घातल्यान, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि मागसून 'मी थांब म्हटललंय' म्हणान मेल्या माणसावर खोटां घातल्यान, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"त्येका सुखाची झोप लागाक देव नको, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

मामा, तुला सांगतो, गाऱ्हाण्याला होकार डोकं देत नाही, तोंड देतं. लहानपणापासूनची सवय. सगळे ओरडून गेले आणि मग त्यांना कळलं आपण कशाला ओरडलो. पण मी बघत होतो ते तांडेलाकडे. तो पण ओरडला होता! हात जोडून, डोळे मिटून, तिन्ही वेळा, सगळ्यात मोठ्याने. स्वतःच्याच नावाला 'व्हय म्हाराजा'!

डबा वाजायचा थांबला. तांडेलाचे हात जोडलेलेच राहिले. मी नारळ उचलला आणि तडक वादीवर गेलो. कोरडी होती. जिथे तुझा टँकर वाकडा होऊन अडकला त्या खांबाशी, धोंड्यांत तो बसवला. लाल फडका बांधला, काठावरून दिसेल असा.

संध्याकाळीच तो आला. "संत्या, नारळ उचल. माजी पोरां-बाळां आसत."

"मामीला फोन लाव आणि खरं सांग. मग उचलतो."

"गावाक जातलंय मी, थंय बगतंय."

"बघ. तोवर नारळ तिथेच. वादीने नेलेला नारळ परत मागता येत नाही, नाना. तू पाण्याचा माणूस, तुला काय सांगायचं?"

मग सुरू झाली मजा! वर्षभर ज्याने डोंगराकडे मान वळवली नव्हती, तो सकाळी उठल्या उठल्या पश्चिमेकडे बघायला लागला. मोबाईलवर पावसाचे नकाशे. काम बदललं तरी मी राहतो कॅम्पातच; मेसमध्ये जेवताना विचारायचा, "थंय काळां दिसता काय रे?" मी म्हणायचो, "दिसतंय बाबा थोडं." दिसत नसलं तरी म्हणायचो. त्याचा घास थांबायचा. मला चार घास जास्त जायचे. वाईट म्हणशील? म्हण.

आणि काल खरोखरच काळं झालं. मी चेट्टाच्या टपरीवर बसलो होतो. तो म्हणाला, "उधर बहुत गिरता है। आज वादी आएगा।" डोक्यावर ऊन होतं. तेवढ्यात तांडेलाची पिकअप धुरळा उडवत आली. तो काठापर्यंत धावत गेला आणि थांबला. वादी अजून कोरडी होती. लाल फडका समोर दिसत होता, हाक मारली तर ऐकू जाईल एवढ्यावर. पण त्याचा पाय खाली उतरेना.

"संत्या, तू जा. तरणो आसस, हाड तो."

या वाक्याची मी वर्षभर वाट बघत होतो मामा! मी चहाचा घोट घेतला आणि म्हटलं, "नाना, सुकती लागली. भियां नको. यल्ला, चल."

तो काठावरून मागे आला. मग त्याने मोबाईल काढला. स्पीकरवर लावला, मी न सांगता.

"वैनी, मी तांडेल. विजू थांबललो. मीच त्येका जा म्हटलंय. मागसून खोटां बोललंय."

पलीकडे भांड्यांचा आवाज. मामी घासत असावी. मला वाटलं, रडेल. ती म्हणाली, "माका एकटेक कित्याक सांगतंस? खोटां गावात सांगललंस ना? मगे खरां पण गावात सांग. पालखी आमच्या खळ्यात येतली, तेवा सगळ्यांफुडे सांग." आणि फोन ठेवला.

अरे, मी वर्षभर डोकं खाजवून जो सूड शोधत होतो, तो तिने भांडी घासता घासता सांगितला!

तांडेल म्हणाला, "सांगलंय मां मी? आता उचल."

मी उठलोही होतो, खरं सांगतो. बोललो होतो तसा वागणार होतो. पण तो आवाज आला, धोंड्यांवर धोंडे. चेट्टाने माझा शर्ट मागून धरला. लाल पाण्याची जीभ वळणावरून आली, पुढे काटक्या, बाटल्या, एक बकरी. खांबाशी आली आणि लाल फडका एकदा वर आला, मग दिसला नाही.

तांडेल काठावर मटकन बसला. मी चेट्टाकडून दोन चहा घेतले. एक त्याच्यापुढे धरला. म्हटलं, "नारळ आता समुद्रात गेला, नाना. तिथे चालते तुझी भरती-ओहोटी. मोज बोटं, कुठे लागतो बघ."

त्याने चहा घेतला नाही. वादीकडे बघत म्हणाला, "तिकीट काढतंय गावचा."

मी म्हटलं, "दोन काढ."

तर मामा, येतोय मी. त्याच्याच विमानात, त्याच्याच बाजूच्या सीटवर, त्याला खिडकी देऊन. वाटेत कुठे भटकणार नाही, कोंबड्यांची झुंज लागली तरी थांबणार नाही. शिमग्याची पालखी तुझ्या खळ्यात, अंगणात टेकली की त्याला सगळ्यांच्या पुढे उभा करीन, आणि तो बोलेल. तू थांबला होतास, हे गाव त्याच्याच तोंडून ऐकेल. आणि तिथे त्याची जीभ अडखळली, तर काळजी करू नकोस. आपल्या गावात नारळांना तोटा नाही.

तुझाच,
दोन चहा हातात घेऊन राहिलेला
संत्या